उलटा लावलेला जोड

आमच्या घरमालकांच्या हातात कोणताही फोटो दिला की ते आधी तो फिरवायचे. सरळ, आडवा, उलटा, पुन्हा आडवा. फोटोतली सावली आपल्या पोटाकडे येते आहे याची खात्री पटली की मगच पाहायला सुरुवात. माझ्या लग्नाचा अल्बम त्यांनी निम्मा उलटा धरून पाहिला. तेव्हा सासूबाई वाशीमहून आल्या होत्या. त्यांनी मला आत बोलावून विचारलं, "माणूस बरा आहे ना गं? मला डोक्यावर उभं करून बघतोय."

बाहेर आल्यावर काकांनी, म्हणजे घरमालकांनीच, मला समजावून सांगितलं. "सिस्टर, सावली आपल्याकडं पडली पायजे. पलीकडं पडली की डोळा धोका देतो. उंच ते खोल दिसतं, खोल ते उंच. तुमची सासू खड्ड्यात दिसून राहिली होती, म्हणून फिरवली."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझी बदली कनेरगाव नाक्याच्या बाजूच्या उपकेंद्रात नर्स म्हणून झाली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. यजमान वाशीमला नोकरीला, शनिवारी यायचे. मी खोली बघायला गेले ती प्रश्नांचा कागद घेऊन: पाणी किती वाजता, संडास कुठे, दाराला आतून कडी आहे का. काकांनी कागद मागून घेतला, खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "एक राहिलं. घरमालक कसा हाये." मी तेही लिहिलं. ते हसले नाहीत. मान हलवून किल्ली दिली.

ते हवाई दलातून निवृत्त झाले होते. बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं. गाव त्यांना विमानवाले म्हणायचं. नाक्यावरच्या ढाब्याचा मालक नव्या ट्रकवाल्यांना त्यांची ओळख मोठ्या तोऱ्यात करून द्यायचा. यांनी लढाईत विमान चालवलंय, म्हणायचा. काका लगेच दुरुस्ती करायचे.

"चालवलं न्हाई. विमानाच्या पोटात पालथा पडून जमिनीचे फोटो काढले. मग कानाचा पडदा फाटला, तवा खाली बसून दुसऱ्यानं काढलेले फोटो पाह्यले. एवढंच."

"एखादा बॉम्ब तर टाकला असंल?"

"न्हाई."

"मग लढाईत केलं काय तुमी?"

"पाह्यलं," काका म्हणायचे, आणि ट्रकवाला आपल्या भाकरीकडे वळायचा.

शेतकऱ्यांना मात्र ते काम बरोबर कळे, कारण काका ते तिफणीवरून सांगायचे. विमान पेरणीसारखं चालतं. एक तास, म्हणजे पेरणीची ओळ, इकडून तिकडे, दुसरा तिकडून इकडे. फरक एवढाच की प्रत्येक फोटोत मागच्या फोटोतली निम्म्याहून जास्त जमीन पुन्हा यावी लागते, कारण एकाच जागेचे दोन ठिकाणांहून काढलेले फोटो शेजारी ठेवल्याशिवाय उंची-खोली कळत नाही. खालून गोळे फुटत असले तरी पायलटला वळता येत नाही. तास वाकडा गेला की नकाशा फाटला. "सरळ जायाचं," काका सांगत. "बैलाला माशी चावली तरी सरळ." वर थंडी इतकी की बोटं कॅमेऱ्याला चिकटत. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवायचे, ते दातांनी फुटायचे नाहीत.

मी एकदा विचारलं, वरून आपली गावं कशी दिसतात. ते म्हणाले, "वाटीतून डाळ सांडल्यावानी. माणूस दिसत न्हाई. माणसाची वाट दिसते."

तर असे दोन-दोन फोटो. या दोनाला ते जोड म्हणायचे. त्यांच्याकडे एक लाकडी डबा होता, वर दोन भिंगं बसवलेली. खाली जोड ठेवून भिंगांना डोळे लावले की चपटा फोटो एकदम उठून उभा राहायचा. लिंबाचं झाड अंगावर यायचं, म्हशीची शिंगं टोचतील असं वाटायचं. गावातला फोटोवाला त्यांना टाळायचा, कारण काका प्रत्येक फोटो दोनदा काढून मागत, दुसरा एक पाऊल सरकून. "एका फोटोत माणूस कागद असतो," ते म्हणत.

त्यांची खरी तऱ्हा वेगळीच होती. ते कोणतीही गोष्ट ठामपणे सांगत नसत. पावसात भिजून दारात उभे राहिले तरी, "पडून राहिला असावा." जेवण झालं का, तर "झालं असावं." ढाबेवाला कप पुढे करून विचारी, "विमानवाले, हा चहाच हाये ना?" काका वास घेऊन म्हणायचे, "वास तर चहाचा येऊन राहिला." सगळे हसत, तेही हसत. मला मात्र या सवयीचा त्रास होई. त्यांना रक्तदाबाची गोळी मी डॉक्टरांकडून चालू करून दिली होती आणि मला हो किंवा नाही हवं असे.

"गोळी घेतली का, काका?"

"घेतल्यासारखं आठवतं."

शेवटी मी भिंतीवर कागद चिकटवला. गोळी गिळली की पेन्सिलीची एक रेघ. रेघा ते नेमाने मारत. पण रेघ मारल्यावरही डबीतल्या गोळ्या मोजून पाहत.

महिन्यातून एकदा काका जवळच्या गोरेगावला जात. इस्त्रीचा शर्ट, कापडी पिशवी, सकाळची जीप. आदल्या दिवशी सामानाची यादी मी करून देई, कारण त्यांना आपण काहीतरी विसरू असं वाटायचं. चहापत्ती, साखर, खोबरेल तेल, अंगाचा साबण, कुंकू. तीन-चार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की इतर जिनसा बदलतात, कुंकू कायम असतं.

"दर महिन्याला कुंकू?"

"मोठं लावतात त्या. संपतं."

त्या म्हणजे शेवंताबाई. काकांसोबत हवाई दलात उत्तम नावाचा माणूस होता, गोरेगावचा, मेंढ्या राखणाऱ्या घरातला. काकांचा कान गेला तेव्हा विमानाच्या पोटातली त्यांची जागा उत्तमला मिळाली. लढाईत ते विमान सरहद्दीपलीकडे गेलं आणि परत आलं नाही. शेवंताबाई त्याची बायको. तेव्हा ती पोटुशी होती.

मी एकदा काकांबरोबर गेले. उंच, सडसडीत बाई. शेळ्या दोरीने ओढत दारात आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मला नीट न्याहाळून म्हणाली, "भाऊजी, ही तुमची भाडेकरीण का? बरं झालं, कुनीतरी धाक लावणारं पायजेच व्हतं तुमाला." मग चहा देता देता तिनं आपणहून एक पोस्टकार्ड दाखवलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. अक्षर काकांचं, तरुणपणीचं. 'उत्तमची छत्री उघडलेली दिसली. काळजी नसावी.' छत्री म्हणजे पॅराशूट.

"सरकारनं लिवलं, मेला समजा," शेवंताबाई म्हणाली. "समजा म्हंजे काय? सरकारनं पाह्यलं का? भाऊजीनं पाह्यलं. तिकडं कुठं तुरुंगात असंल, न्हाईतर डोक्याला मार लागून नाव विसरला असंल. येईल तवा येईल."

काका त्या वेळी शेळ्यांकडे पाहत बसले होते.

पुढे दोन वर्षांनी उत्तमच्या मुलीचं, नंदाचं लग्न ठरलं. ती डी.एड. होऊन शाळेत लागली होती म्हणून उशीर झाला होता. लग्नाच्या आठ दिवस आधी उत्तमचा भाऊ काकांकडे आला. अवघडून बसला होता. नवरदेवाच्या आत्याने प्रश्न काढला होता, की मुलीच्या आईला सवाष्ण म्हणायचं की नाही. हळद तिनं लावायची की नाही. नवरा मेलेला असेल तर मांडवात मागे बसावं, जिवंत असेल तर तसं कुणीतरी सांगावं.

"वहिनीनं सांगितलंय, भाऊजीला आना," तो म्हणाला. "तुमी चार मान्सांत उभं राहून सांगा, छत्री पाह्यली म्हनून. बास. तुमचा सबद कुनी मोडनार न्हाई."

आई ती आई, तिला हळद लावायला कुणाची परवानगी कशाला, असं मी मध्येच बोलले. त्या माणसाने ऐकून घेतलं आणि पुन्हा काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "येतो."

त्यानंतर दोन दिवस ते जेवले नाहीत. भिंतीवर रेघाही नव्हत्या. मी रक्तदाब मोजायला गेले तर डबा पुढ्यात घेऊन बसलेले. "बसा," म्हणाले. "हे पाहा."

आत दोन फोटो होते. गावच्या पाण्याच्या टाकीवर चढून त्यांनी ते काढले होते, मारुतीमागच्या विहिरीचं खोदकाम चालू असतानाचे. मी डोळे लावले. विहीर खोल गेलेली दिसली, काठावरचा मुरमाचा ढीग उंच. काकांनी दोन्ही फोटो काढले, डावा उजवीकडे ठेवला, उजवा डावीकडे. "आता पाहा."

विहीर जमिनीतून वर आली होती. बुरजासारखी. मुरमाचा ढीग खाली खचून खड्डा झाला होता. फोटो तेच, झाड तेच, टोपली घेऊन उभा मजूर तोच. मी डोळे बाजूला घेतले.

"जोड उलटा लागला की असं होतं," काका म्हणाले. "खोल ते उंच. शिकाऊ पोरांच्या हातून होतं. मी शिकाऊ न्हवतो."

मग त्यांनी सांगितलं. उत्तमचं विमान आलं नाही म्हणून दुसऱ्या विमानाने उत्तम गेला होता त्या डोंगराचे फोटो आणले. फोटो तपासायच्या टेबलावर काकाच होते. तीन दिवस झोप नव्हती. उतारावर काहीतरी पांढरं, गोल, मध्ये फुगलेलं दिसलं. जमिनीवर पडलेली छत्री वाऱ्याने फुगते, अगदी तसं.

"सावली बघितली नाही?" मी विचारलं. इतक्या दिवसांत मलाही तेवढं कळायला लागलं होतं.

"दुपारचे फोटो. सावली बोटभर. व्हती, पण मी पाह्यली न्हाई. मला छत्री पायजे व्हती, सिस्टर."

बाहेर एक अक्षर कळवायची परवानगी नव्हती, तरी त्यांनी त्याच दिवशी कार्ड टाकलं. चौथ्या दिवशी साहेब तपासायला बसले. त्यांनी जोड सरळ लावला आणि यांना बोलावून म्हणाले, देखो. तो खड्डा होता. विमान घुसलं तिथे खालची पांढरी माती उसळून काठावर पडली होती. शेजारी पंखाचा तुकडा. छत्री कुठेच नव्हती.

"मग त्यांना कळवलं का नाही?"

"सुट्टी भेटली तवा सांगायलाच गेलो. दिवस भरले व्हते तिचे. दारात येऊन म्हणली, भाऊजी, तुमचं कार्ड आलं म्हणून मी जेवले. मी म्हटलं, बाळंतपण होऊ दे. मग म्हटलं, पोरगी चालू लागू दे. मग शाळा आली." त्यांनी फोटो डब्यातून काढून खिशात घातले. "दर महिन्याला सांगायलाच जातो मी."

माझ्या कामात वाईट बातमी सांगणं येतंच. त्याची एक रीत आहे: पहिल्या वाक्यात सांगायचं, प्रस्तावना करायची नाही. मी कागद घेऊन त्यांना वाक्य लिहून दिलं. 'वहिनी, उत्तम त्याच दिवशी गेला. पाहण्यात माझी चूक झाली.' त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं. हळदीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं गोरेगावला निघालो. जीपमध्ये त्यांचा हात पूर्ण वेळ खिशावर होता.

शेवंताबाई घरामागे शेळ्यांना पाला टाकत होती. काकांनी कागद काढलाच नाही. ते सुरुवात करून बसले ती विमानापासून, दुपारच्या उन्हापासून. डावा फोटो, उजवा फोटो, साहेब. मी खूण केली, तरी थांबेनात. शेवंताबाईने पाला खाली ठेवला. ती डोंगरात मेंढ्यांमागे वाढलेली बाई. फोटोचं तिला काही कळलं नसेल, पण जमिनीचं कळत होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "खोल व्हतं का उंच?"

काका थांबले.

"खोल."

"किती?"

"दोन पुरुष खोल."

"त्यातच हायेत?"

"त्यातच."

तिनं दोन्ही हात पदराला पुसले. बराच वेळ पुसत राहिली. आत बायका जात्याला हळकुंड बांधत होत्या, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. "हळू बोला," ती म्हणाली, खरं तर कुणीच बोलत नव्हतं. "नंदा आत हाये." मग म्हणाली, "उद्या मांडवात छत्रीच सांगायची."

"वहिनी, मला आता ते..."

"इतकी वर्सं मी सांगत आले. लोकायला, पोरीला, देवाला. तुमचं पाह्यलेलं मी सांगत आले. आता एक दिवस तुमी सांगा."

दुसऱ्या दिवशी मांडवात माणसं गोल करून बसली. नवरदेवाची आत्या पुढे होती. वाईट बाई नव्हती, रीत पाळणारी होती. काका उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हात शिवणीला लावलेले, साहेबासमोर उभं राहावं तसे.

"छत्री पाहिली," ते म्हणाले. "उघडलेली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

असावी नाही, वाटतं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून चारचौघांत मी ऐकलेलं ते एकच ठाम बोलणं. आत्याने मान डोलावली आणि हळदीची वाटी शेवंताबाईच्या हातात दिली. शेवंताबाईने लेकीच्या गालांना, हातांना, पायांना हळद लावली. मला वाटतं त्या मांडवात फक्त आम्हा तिघांनाच काय चाललंय ते माहीत होतं, आणि आम्ही तिघंही एकमेकांकडे पाहत नव्हतो.

लग्न लागलं, मुलीची पाठवणी झाली. मांडवात उष्ट्या पत्रावळी तशाच होत्या. शेवंताबाई आमच्याजवळ आली.

"भाऊजी, पुढच्या महिन्यात येऊ नका."

"बरं."

"त्याच्या पुढच्याबी."

"बरं, वहिनी."

"मला तुमचा राग हाये का न्हाई, ते मला अजून समजून न्हाई राहिलं. समजलं तरी सांगनार न्हाई."

पंधरा दिवसांनी ढाब्यावर बातमी आली की गोरेगावच्या त्या बाईने कुंकू पुसलं, प्रेताऐवजी पानांचा पुतळा जाळून नवऱ्याचे दिवस केले. लोकांना कारण कळलं नाही. कुणी म्हणालं, पोरीचं झालं, आता कशाला वाट पाहायची. काकांना बोलावणं नव्हतं. त्यांनी चहाचे पैसे दिले आणि घरी आले.

त्यानंतरही महिन्याचा तो दिवस आला की काका शर्ट घालून नाक्यावर जाऊन बसत. जीपवाला ओरडे, "गोरेगाव, गोरेगाव. विमानवाले, बसा की." ते म्हणत, "आज न्हाई." जीप भरून जाई, दुसरी लागे. उन्हं चढली की घरी. मी एकदा म्हटलं, जायचं नाही तर उन्हात का बसता. ते म्हणाले, "सवय असावी." फोटो काढणं त्यांनी सोडून दिलं. डबा माळ्यावर गेला. गावातली मंडळी कधी पाहुण्यांना घेऊन यायची, डबा दाखवा म्हणायची. काका म्हणायचे, भिंग फुटलं. फुटलं नव्हतं. मीच तो पुसून कापडात गुंडाळून ठेवला होता.

अशी सहा-सात वर्षं गेली. हिंगोली जिल्हा झाला, नाक्यावर फोनचे बूथ आले, मला मुलं झाली, ती शाळेत जाऊ लागली. मी बदलीचे दोन अर्ज मागे घेतले. त्याचं कारण मी तेव्हा मुलांची शाळा सांगत असे.

एका सकाळी काकांच्या खोलीचं दार उशिरापर्यंत बंद दिसलं. मी ढकललं. ते खाटेवर होते, एका कुशीवर. मनगट धरलं, मग गळ्याशी बोटं ठेवली, मग पुन्हा मनगट. घड्याळ बघून वेळ लिहिली. मग कागदावर एकाखाली एक: सरपंच, दाखला, लाकडं, पुतण्याला फोन, माजी सैनिकांचं कार्यालय. शेवटी शेवंताबाई लिहिलं आणि त्यापुढे 'मी स्वतः'.

दुसऱ्या दिवशी गेले. इतक्या वर्षांत तिला पाहिलं नव्हतं. वाकली होती. कपाळ मोकळं. एक शेळी दोरीने धरून अंगणात उभी होती. तिनं मला लगेच ओळखलं आणि मी एकटीच आहे हेही पाहिलं. मी फाटकाच्या आत पाऊल टाकलं आणि तिथेच सांगितलं.

"शेवंताबाई, काका काल सकाळी वारले."

"नक्की?"

"नक्की. नाडी मी स्वतः पाहिली. दोनदा. तिरडी माझ्यासमोर उठली."

तिनं दोरी माझ्या हातात दिली. "धरा," म्हणाली, आणि घरामागे गेली. मला पाण्याचा आवाज आला. रांजणातून एक तांब्या, मग दुसरा, मग तिसरा. आपल्या माणसाची बातमी ऐकल्यावर घेतात तसं डोक्यावरून. शेळी दोरीला ओढ देत होती. मी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

ती परत आली तेव्हा लुगडं अंगाला चिकटलं होतं, केसांतून पाणी गळत होतं. तिनं माझ्या हातातून दोरी घेतली.

"तुमी अडखळला न्हाई सांगताना."

"आमचं कामच आहे ते."

"व्हय," ती म्हणाली. "त्यांचं न्हवतं ते काम, बाई."